जॅक एकच, वायर वेगळी: स्पीकर केबल आणि गिटार केबल निवडताना व बनवताना

प्रश्न असा आहे: गिटारसाठी घेतलेली सहा मीटरची केबल पडून आहे. अँप्लिफायरच्या मागे स्पीकर आउटलाही तोच पाव इंची जॅक बसतो. मग तीच केबल स्पीकरला लावली तर चालेल का? आणि चालत नसेल, तर दोन्ही प्रकारच्या केबल्स घरी बनवायला कोणतं सामान आणावं?

चालत नाही. जॅक एकसारखा असणं हा निव्वळ योगायोग आहे, जॅकच्या आत जोडलेल्या वायरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. केबल निवडताना तिच्या दोन्ही टोकांना काय जोडलंय ते बघायचं. गिटारचा पिकअप, म्हणजे तारांचं कंपन विजेत बदलणारी चुंबकावरची गुंडाळी, काही दशांश व्होल्ट देतो आणि समोर अँपचा इनपुट साधारण १० लाख ओहमचा असतो. म्हणजे वायरीतून जाणारा प्रवाह एका मायक्रोअँपियरच्याही खाली. उलट ३०० वॅटचा अँप ४ ओहमच्या स्पीकर बॉक्सला पूर्ण ताकदीने वाजवतो तेव्हा वायरीतून साडेआठ अँपियरहून जास्त प्रवाह धावतो. एका केबलला बाहेरचा गोंगाट आत येऊ द्यायचा नाही, म्हणून तिला शील्ड, म्हणजे तारेभोवती धातूचं कवच, हवं. दुसरीला प्रवाह वाया न घालवता पोचवायचा आहे, म्हणून तिला भरपूर तांबं हवं. ही दोन कामं एका वायरीत बसत नाहीत.

गिटारची केबल कापून बघा. मधोमध एक बारीक तार, बहुतेक वेळा ०.२ ते ०.५ चौ. मिमीची. तिच्यावर पॉलिथिनचं आवरण. त्यावर चांगल्या केबलमध्ये काळ्या, वीजवाहक प्लास्टिकचा पातळ थर. मग तांब्याच्या तारांची जाळी आणि सगळ्यात बाहेर रबर किंवा पीव्हीसी. हा काळा थर कशासाठी? केबल पायाखाली आली किंवा जमिनीवर आपटली की आतलं आवरण आणि जाळी एकमेकांवर घासतात, घर्षणाने विद्युतभार तयार होतो आणि अँपमधून ‘ठक्‌’ असा आवाज येतो. काळा थर तो भार तिथल्या तिथे जाळीत सोडून देतो. केबल बनवताना हाच थर सर्वांत जास्त त्रास देतो, त्याबद्दल पुढे.

या केबलचा दुसरा गुण म्हणजे कपॅसिटन्स, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, आणि गिटारच्या बाबतीत तो खरोखर कानाला कळतो. मधली तार आणि जाळी मिळून एक लांबलचक कपॅसिटर होतो, बहुतेक केबल्समध्ये मीटरला ८० ते १६० पिकोफॅरड. पिकअपचं इंडक्टन्स आणि हा कपॅसिटन्स मिळून एक अनुनाद तयार होतो, म्हणजे एका ठराविक वारंवारतेला आवाज उठून येतो. आवाजातली जी ‘चमक’ म्हणतात ती तिथे असते, त्याच्यावरचे सूर झपाट्याने गळतात. २.५ हेन्रीचा सिंगल कॉइल पिकअप आणि मीटरला १०० पिकोफॅरडची ५ मीटर केबल घेतली, तर पिकअपच्या वळ्यांचा स्वतःचा शंभरेक पिकोफॅरड धरून हा अनुनाद ४१०० हर्ट्झच्या आसपास येतो. त्याच गिटारला मीटरला १३० पिकोफॅरडची १० मीटर केबल लावा, तो २७०० हर्ट्झवर घसरतो. आवाज दबलेला, अंगावर चादर टाकल्यासारखा लागतो. म्हणून पॅसिव्ह पिकअपच्या, म्हणजे आत स्वतःचं सर्किट नसलेल्या, वाद्याला ६ मीटरच्या पुढे जाऊ नये, जायचंच असेल तर वाद्याजवळ बफर पेडल, म्हणजे केबलचा भार पिकअपवर येऊ न देणारं छोटं सर्किट, ठेवावं. आपल्याकडच्या बेंजो पथकातला बेंजो, म्हणजे पिकअप बसवलेला बुलबुल तरंग, याच गटातला. कीबोर्ड आणि ऑक्टापॅडचं तसं नसतं. त्यांच्या आत स्वतःचं सर्किट असतं, आउटपुट काही शे ओहमचा असतो, त्यामुळे कपॅसिटन्सचा फरक पडत नाही. तिथे अंतर वाढलं की अडचण येते ती हमची, म्हणजे विजेच्या लाइनच्या घुंईं आवाजाची. सात-आठ मीटरच्या पुढे मिक्सर असेल तर डीआय बॉक्स, म्हणजे वाद्याचा सिग्नल लांब केबलसाठी तयार करणारी डबी, लावून पुढचा प्रवास तीन पिनांच्या एक्सएलआर केबलने करावा.

आता हीच केबल स्पीकरला लावली तर काय होतं ते आकड्यांत बघू. मधली तार ०.२ चौ. मिमीची, ६ मीटर लांब: तिचा रोध अर्ध्या ओहमच्या आसपास. जाळीचा थोडा धरून एकूण सहा-साडेसहा दशांश ओहम. ४ ओहमच्या बॉक्सला ३०० वॅट देण्याच्या बेतात असलेल्या अँपकडून आता बॉक्सपर्यंत सव्वादोनशे वॅटच पोचतात आणि ३५ वॅटच्या आसपास केबलच तापवतात. त्यातला बहुतेक भाग एकट्या मधल्या तारेत. सोल्डरिंगच्या छोट्या इस्त्रीएवढी उष्णता एका बारीक तारेत, आणि ती तार पॉलिथिनमध्ये गुंडाळलेली! गाण्याची सरासरी पातळी शिखरांपेक्षा बरीच खाली असते, त्यामुळे दहा मिनिटांच्या तालमीत काहीच होत नाही आणि ‘आमच्याकडे तर चालतं’ असा समज पक्का होतो. मग कार्यक्रमात तासभर दणका दिला की आवरण मऊ पडतं, केबल जिथे वाकलेली असते तिथे मधली तार आवरणात रुतत जाळीला टेकते आणि शॉर्ट होतो. ट्रान्झिस्टर अँपमध्ये संरक्षण असेल तर तो बंद पडेल, नसेल तर आउटपुटचे ट्रान्झिस्टर जातील. व्हॉल्व्ह अँपला तारेचं तुटणं जास्त घातक: वाजत असताना लोड सुटला की आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेजचे मोठे झटके येतात आणि त्याचं इन्सुलेशन फुटू शकतं. पन्नास रुपये वाचवायला जाऊन ट्रान्सफॉर्मर गुंडाळायला द्यायची वेळ येते.

उलटी चूक, म्हणजे स्पीकरची वायर गिटारला लावणं, काही जाळत नाही पण वाजूही देत नाही. शील्ड नसल्याने घरातल्या वायरिंगचा ५० हर्ट्झचा हम, डिमरची करकर, मोबाइलची टिकटिक सगळं आत येतं. शिवाय अशी बिनशील्डची इनपुट वायर अँपच्या स्पीकर वायरीला चिकटून गेली, तर आउटपुट पुन्हा इनपुटमध्ये शिरून कानाला न ऐकू येणारं ऑसिलेशन, म्हणजे आपोआप चालू राहणारं कंपन, सुरू होऊ शकतं. ऐकू काही येत नाही, अँप विनाकारण तापतो आणि ट्वीटर जळतो.

हातातली केबल कोणती हे कसं ओळखायचं? आधी अंगावरची छपाई वाचा, ‘स्पीकर’ किंवा चौ. मिमीचा आकडा बहुतेक वेळा असतो. जाडीवर मुळीच जाऊ नका. बोटाएवढ्या जाड गिटार केबलमध्येही तार बारीकच असते, बाकी सगळं रबर. जॅकची टोपी फिरवून उघडा: एक तार आणि पिळलेली जाळी दिसली तर वाद्याची, दोन सारख्या जाडीच्या वायरी दिसल्या तर स्पीकरची. जॅक साच्यात ओतलेला, न उघडणारा असेल तर केबल गिटारला लावून आवाज वाढवा आणि केबल मुठीत धरा. धरल्यावर हम वाढला तर शील्ड नाही. आणि शंका राहिलीच तर ती केबल स्पीकरला लावू नका.

स्पीकरची वायर निवडताना हिशेब एकच: जाणाऱ्या आणि येणाऱ्या दोन्ही वायरींचा मिळून रोध बॉक्सच्या ओहमच्या सहा टक्क्यांच्या आत ठेवायचा. एवढ्यात अर्धा डेसिबल जातो, तो सहज सोसतो. ४ ओहमच्या बॉक्सला या हिशेबाने १.५ चौ. मिमीची वायर ९ मीटरपर्यंत, २.५ ची १५ मीटरपर्यंत आणि ४ ची २४ मीटरपर्यंत चालते. ८ ओहमला ही अंतरं दुप्पट. मात्र दोन ८ ओहमचे बॉक्स एकमेकांना समांतर जोडले की ते ४ ओहम होतात, आणि हिशेब ४ चाच करायचा. इथेच बरेच जण फसतात. घरातल्या बुकशेल्फ स्पीकरला पाच मीटरपर्यंत १.५ चौ. मिमी पुष्कळ झालं. मंडपासाठी बॉक्सपर्यंत २.५ घ्या, वीस मीटरच्या पुढे जावं लागत असेल तर वायर वाढवण्यापेक्षा अँप बॉक्सजवळ नेऊन ठेवा आणि सिग्नलची एक्सएलआर केबल लांब टाका. भोंग्यांची १०० व्होल्ट लाइन असते तिचं गणित वेगळं. तिथे १०० वॅटला एकच अँपियर लागतो, म्हणून बारीक वायर लांबवर चालते. पण ती उघड्या जोडांनी ओढू नये, १०० व्होल्ट चांगलाच झटका देतात.

दुकानात, मग ते लॅमिंग्टन रोडचं असो की पुण्यातल्या तपकीर गल्लीतलं, वायर अजूनही ‘२३/७६’, ‘४०/७६’ अशा भाषेत मागितली जाते. पहिला आकडा तारांची संख्या, दुसरा प्रत्येक तारेची जाडी: ०.००७६ इंच. त्यामुळे २३/७६ म्हणजे ०.६७ चौ. मिमी आणि ४०/७६ म्हणजे जेमतेम १.१७ चौ. मिमी. स्पीकरला २३/७६ देणारे बरेच भेटतात, लांब अंतराला ती घेऊ नका. विजेच्या दुकानातली आयएस ६९४ चा शिक्का असलेली दोन कोअरची गोल फ्लेक्सिबल वायर स्पीकरला उत्तम. ऑक्सिजनमुक्त तांब्यासाठी जास्त पैसे मोजायची गरज नाही. नेहमीच्या विद्युत तांब्यापेक्षा त्याची वाहकता जेमतेम एक टक्का जास्त असते.

खरी फसवणूक होते ती तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची. ‘ओरिजिनल कॉपर’ म्हणून विकलेल्या या वायरीचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून जास्त असतो, सोल्डर नीट धरत नाही आणि स्क्रूखाली तारा पटापट तुटतात. तपासायला एक तार चाकूने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ॲल्युमिनियम. मात्र कथिलाचा मुलामा दिलेलं अस्सल तांबं बाहेरून पांढरं आणि आतून लाल असतं, तेवढं लक्षात असू द्या. याहून खात्रीची कसोटी मल्टीमीटरची. २.५ चौ. मिमी दोन कोअरचं ९० मीटरचं अख्खं भेंडोळं असेल तर एका टोकाला दोन्ही वायरी एकमेकींना पिळा आणि दुसऱ्या टोकाला रोध मोजा. आधी मीटरच्या सुया एकमेकींना टेकवून दिसणारा आकडा त्यातून वजा करा. तांबं असेल तर १.४ ते १.५ ओहम यावेत. उन्हाळ्यात किंचित जास्त. २.२ ओहम दिसले की भेंडोळं परत करा: एकतर ते ॲल्युमिनियम आहे किंवा जाडी लिहिल्याएवढी नाही, दोन्ही कारणं तेवढीच वाईट.

टोकांना काय लावायचं? स्पीकरसाठी शक्य तिथे स्पीकॉन. न्यूट्रिकने १९८७ मध्ये तो आणला तो नेमका याच गोंधळासाठी: आतले संपर्क बोटाला लागत नाहीत, पाव वळसा दिला की कुलूप बसतं आणि गिटारच्या खोबणीत तो जाऊच शकत नाही. पाव इंची जॅकमध्ये टोक आणि दांडा उघडे असतात, मध्ये बारीकशी काळी कडी. अँप चालू असताना असा सुटा जॅक लोखंडी स्टँडवर पडला की शॉर्ट झालाच. अँप ब्रिज मोडमध्ये, म्हणजे दोन चॅनेल जोडून एकच बॉक्स वाजवत, असेल, किंवा बरेचसे क्लास डी अँप असतात तसा असेल, तर दोन्ही तारा जिवंत असतात, आणि जॅकची धातूची टोपी रॅकला लागली तरी शॉर्ट व्हायला पुरे. एका गोष्टीबद्दल तर कळकळीने सांगावंसं वाटतं: स्पीकरच्या वायरीला घरातला टू-पिन प्लग लावू नका. मंडपात अजूनही हे सर्रास दिसतं. अंधारात, घाईत, कोणीतरी तो प्लग २३० व्होल्टच्या बोर्डात घालतो. बॉक्स तर जातोच, आणि दुसऱ्या टोकाच्या उघड्या पिना कोणाच्या हातात असतील तर जीवही जातो.

स्पीकॉनची केबल बनवायला सोल्डर लागत नाही, लावूही नये. प्लगची मागची टोपी आणि पकड आधी केबलमध्ये ओवा. बाहेरचं आवरण साधारण २० मिमी काढा, आतल्या दोन्ही वायरींचं ८ मिमी. तारा घट्ट पिळून किंवा फेरूल, म्हणजे टोकावर चढवायची छोटी धातूची नळी, दाबून खोबणीत घाला, १+ मध्ये लाल, १− मध्ये काळी, आणि स्क्रू आवळा. टोकांना सोल्डर लावलं तर ते दाबाखाली हळूहळू पसरतं, काही आठवड्यांत स्क्रू सैल होतो, जोड तापू लागतो. चार पिनांच्या प्लगमध्ये २+ आणि २− मोकळे राहिले तरी चालतं. पकड बाहेरच्या आवरणावर बसली पाहिजे, आतल्या वायरींवर नाही. दोन्ही टोकांना + ला + हे मल्टीमीटरने बघाच. एक केबल उलटी झाली आणि दोन बॉक्स शेजारी असले, की ढोलकीचा आणि बेसचा दम एकदम नाहीसा होतो आणि लोक इक्वलायझर फिरवत बसतात. बॉक्सची दिशा तपासायला दीड व्होल्टचा सेल क्षणभर लावा: + ला + असताना कोन बाहेर आला तर बरोबर.

गिटारच्या केबलला हात थोडा जास्त सराईत लागतो. सामान: सिंगल कोअर शील्डेड वायर, जाळी विणलेली असलेली. नुसती एका दिशेने गुंडाळलेली असेल तर वाकवल्यावर फटी पडतात. दोन मोनो जॅक, बाजारात पी-३८ म्हणून मिळतात. जॅकला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर आत लोखंड आहे. पितळेचा घ्या. ६०/४० चं रोझिन असलेलं सोल्डर आणि ४० ते ६० वॅटची इस्त्री. २५ वॅटची इस्त्री जॅकच्या मोठ्या पट्टीला तापवायला फार वेळ घेते, तोवर आतलं प्लास्टिक वितळतं. पत्र्याच्या कामाचं आम्ल फ्लक्स अजिबात नको, महिन्याभरात जोड हिरवा पडतो.

टोपी आणि प्लास्टिकची नळी आधी केबलमध्ये ओवा. हे विसरून पुन्हा सोल्डर काढणं सगळ्यांच्या नशिबी एकदा येतंच. बाहेरचं आवरण २० मिमी काढा, जाळीच्या तारा न कापता. बोथट सुईने जाळी मोकळी करा आणि एका बाजूला पिळून घ्या. आता तो काळा थर. मधल्या तारेचं आवरण जिथे संपतं तिथून किमान ५ मिमी मागेपर्यंत तो सोलून टाका. हा थर दिसायला साध्या प्लास्टिकसारखाच असतो, म्हणून लोक तो तसाच ठेवतात. तो एकीकडे जाळीला आणि दुसरीकडे टोकाच्या पट्टीला टेकला की पूर्ण शॉर्ट होत नाही, काही किलोओहमची गळती होते. गिटार वाजते, पण हळू आणि मंद, हलवलं की करकर. मीटरचा कंटिन्युइटीचा, म्हणजे थेट जोड दाखवणारा, बझर वाजत नाही, म्हणून केबल ‘पास’ होते आणि दोष पिकअपवर ढकलला जातो. म्हणून टोक आणि दांडा यांच्यातला रोध मीटरच्या सर्वांत मोठ्या, २० मेगाओहमच्या रेंजवर मोजा. काहीही आकडा दिसला तर टोपी उघडा.

मधली तार ४ मिमी उघडी ठेवा, तिला आणि पिळलेल्या जाळीला आधी सोल्डर पाजा, जॅकच्या दोन्ही पट्ट्यांनाही. मग जाळी मोठ्या पट्टीला, तार टोकाच्या पट्टीला. इस्त्री दोन-तीन सेकंदच टेकवा आणि सोल्डर गोठेपर्यंत वायर हलवू नका. हलली तर जोड चमकदार दिसण्याऐवजी दाणेदार, राखाडी दिसतो. तो पुन्हा तापवा. पकडीच्या पाकळ्या बाहेरच्या आवरणावर दाबा. जोराने दाबल्या तर त्या आवरण फाडून जाळीला आणि पुढे तारेला लागतात, तेव्हा हाताला घट्ट लागलं की थांबा. नळी पुढे सरकवून टोपी लावा. मग दोन्ही टोकं अँपच्या बाजूने आणि वाद्याच्या बाजूने वाकवत मीटर बघा. नव्वद टक्के बिघाड जॅकपासून पहिल्या पाच सेंटीमीटरमध्ये होतात. तिथे कापून नवीन जॅक लावला की केबल पुन्हा धडधाकट.

हल्ली बॉक्स बरेचदा ॲक्टिव्ह असतात, अँप आतच. तिथे स्पीकर केबलचा प्रश्नच नाही. मिक्सरपासून बॉक्सपर्यंत शील्डेड एक्सएलआर आणि वेगळी विजेची वायर. अशा बॉक्सच्या पाव इंची इनपुटला स्पीकरची केबल लावली तर हम येतो, आणि बाहेरच्या अँपचा स्पीकर आउट लावला तर इनपुटचं सर्किट जातं.

मांडताना सिग्नलच्या केबल्स स्पीकरच्या आणि विजेच्या वायरींपासून हातभर लांब ठेवा. ओलांडावंच लागलं तर काटकोनात ओलांडा. स्पीकरच्या प्रत्येक केबलला दोन्ही टोकांशी लाल हीटश्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी, चढवा, म्हणजे घाईत हात चुकत नाही. गुंडाळताना कोपराभोवती पीळ देऊ नका. एक वेढा सरळ, पुढचा मनगट उलटं फिरवून, असं केलं की आतली जाळी पिळत नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यानंतर जॅक काळवंडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने पुसा. पॉलिश पेपर मारू नका. त्याने निकेलचा थर जातो आणि खालचं पितळ पुढच्या पावसात आणखी लवकर काळं पडतं.